खांदा मापात, बाकी सैल : नव्या आईच्या रोजच्या कपड्यांसाठी

बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत बहुतेक घरांत आईच्या कपड्यांची व्यवस्था ठरलेली असते. घरात गाऊन, दारापर्यंत जायचं असेल तर गाऊनवर ओढणी, आणि कार्य निघालं की लग्नातली एखादी साडी, जिचा ब्लाउज आता होत नाही. या दोन टोकांच्या मध्ये काहीच नसतं. ‘जरा वजन उतरू दे, मग घेऊ’ म्हणत ती मधली जागा महिनोन्महिने रिकामी राहते आणि त्या काळात आरशात बघणंही नकोसं होतं. मला हे मनापासून खटकतं. ज्या अंगाने मूल वाढवलं, जे अंग आज त्याला पाजतंय, त्याला आज नीट बसणारे चार कपडे मिळायलाच हवेत.

आराम हवा तर देखणेपण सोडावं लागतं, असं पुष्कळजणी धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. काचणारा कपडा सुंदर दिसत नाही, कारण तो घालणारी सारखी ओढाताण करत असते. ढगळ कपडाही आरामाचा नसतो. तो बाळाच्या मुठीत, दाराच्या कडीत, स्वतःच्याच पायात अडकतो. दोन्ही गोष्टी सापडतात त्या मापात आणि बेतण्यात. म्हणून हा लेख खरेदीपेक्षा शिंप्याकडे जास्त रेंगाळणार आहे.

पायरी १ : आधी आपला दिवस बघा

कपाट उघडण्याआधी एक-दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा, की तुमचं अंग दिवसभर काय काय करतं. मांडी घालून बसणं, उकिडवं बसून फरशीवरचं सांडलेलं पुसणं, पाळण्यात वाकणं, बाळाला कमरेवर घेऊन एका हाताने गॅस बंद करणं, दोरीवर दुपटी टाकण्यासाठी दोन्ही हात वर करणं, दर दोन-तीन तासांनी पाजणं. कपडा या सगळ्याला पुरला पाहिजे. उभं राहून आरशात छान दिसणं ही त्याची सगळ्यात सोपी परीक्षा आहे, आणि दुकानात आपण तेवढीच घेतो.

यापुढे तयार कपडा घेताना ट्रायल रूममध्ये चार गोष्टी करून बघा. एक, पूर्ण खाली उकिडवं बसा. मांडीला किंवा पोटाला ताण येतो का? दोन, दोन्ही हात डोक्यावर न्या. कुर्ता किती वर चढतो? तीन, आरशासमोर पुढे वाका. गळ्यातून काय दिसतं? चार, पर्स एका हातात बाळासारखी धरा आणि दुसऱ्या हाताने बटणं किंवा चेन उघडून बघा. चौथीत बहुतेक कपडे नापास होतात, आणि पाजणाऱ्या आईसाठी तीच खरी परीक्षा.

किती कपडे लागतील? रोज धुणं होत असेल तर घरात-बाहेर दोन्हीकडे चालतील असे सहा-सात जोड पुरतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळा मध्ये येत असेल तर दोन-तीन जास्त धरा, कारण तिथे जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो.

पायरी २ : आजचं माप घ्या

जुन्या कुर्त्यावरून माप देऊ नका. टेप घ्या आणि कोणाला तरी मदतीला बोलवा. छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), दंडाचा घेर आणि खांदा अशी पाच मापं. दूध भरलेलं असताना आणि पाजून झाल्यावर छातीच्या मापात फरक पडतो, म्हणून भरलेलं असतानाचं माप धरा. पाच-सहा महिन्यांनी पुन्हा मापं घ्या. ती बहुधा बदललेली असतील.

यातलं सगळ्यात कमी बदलणारं माप खांद्याचं. म्हणूनच कपडा बसला की नाही हे खांदा सांगतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बरोबर आली, की खाली कपडा कितीही सैल असू दे, तो मुद्दाम सैल शिवलेला वाटतो. शिवण दंडावर ओघळली की तोच कपडा उसना आणल्यासारखा दिसतो. छाती-पोटाला बसावा म्हणून दोन साइझ मोठा कुर्ता घेतला की नेमकं हेच होतं. असा कुर्ता आवडलाच असेल तर घ्या, पण खांदा आत घ्यायला शिंप्याकडे टाका. तयार कपड्यावर करण्यासारखी याहून उपयोगी दुरुस्ती मला माहीत नाही.

मग कपाटातले कपडे चाळा. आज होतात ते समोर ठेवा. थोडं उसवून होतील असे दुरुस्तीच्या पिशवीत घाला. अजिबात होत नाहीत ते बांधून माळ्यावर ठेवा. न होणारे कपडे रोज डोळ्यांसमोर टांगून ठेवल्याने कोणाचंही वजन लवकर उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

पायरी ३ : पहिले पैसे आतल्या कपड्यांवर

वरचा कुर्ता कितीही चांगला असला तरी आतला कपडा काचत असेल तर दिवस खराब जातो. पाजण्यासाठीची ब्रा घेताना पट्टा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशी घ्या. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर हळूहळू कमी होतो, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. पहिले काही महिने तार असलेली ब्रा टाळलेली बरी. घट्ट पट्टा किंवा तार एकाच जागी दाबत राहिली तर दूध तुंबायचा धोका असतो. गाठ लागली, लाली आली, ताप आला तर कपडे बदलण्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

दूध गळत असेल तर सुती पॅड वापरा; धुऊन पुन्हा वापरता येतात. ओला झाला की लगेच बदला. जुन्या मऊ सुती साडीचे चार पदरी गोल तुकडे शिवून घरीही छान पॅड होतात.

सिझेरियन झालं असेल तर कमरेची शिवण कुठे येते ते बघा. कमरेच्या खाली बसणाऱ्या लेगिंगचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर येतं. काही महिने पोटावरून वर जाणारी, रुंद आणि मऊ पट्टीची पँट वापरा. पोटपट्टा बांधायचा की नाही हे आई-सासूबाईंनी सांगितलं तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पायरी ४ : कापड

रोजच्यासाठी सुती कापडाला तोड नाही, पण सुती म्हणजे एकच प्रकार नव्हे.

मलमल सगळ्यात हलकं. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे याच्यासारखं दुसरं नाही. ते पारदर्शक असल्याने अस्तर लागतं. अस्तरही सुतीच लावा. पॉलिस्टरचं अस्तर लावलं तर मलमल घेतल्याचा उपयोगच राहत नाही, आणि बरेच शिंपी न विचारता तेच लावतात. मंगलगिरीचं, म्हणजे आंध्रातलं हातमागाचं सुती कापड जरा दमदार असतं, धुऊन मऊ होतं आणि त्याची बारीक जरीची किनार बाहीला लावली की साधा कुर्ता ऑफिसला शोभतो. कॅम्ब्रिक, म्हणजे आपल्या रोजच्या छापील कुर्त्यांचं कापड, टिकाऊ आणि स्वस्त. लिनन सुती नव्हे, ते जवसाच्या धाग्याचं; चुरगळतं, पण त्याच्या चुण्याच शोभतात.

रेयॉनबद्दल सावध राहा. हातात धरलं की मऊ, गार, सुळसुळीत लागतं, म्हणून पटकन घेतलं जातं. पण ओलं झालं की हे कापड कमकुवत होतं, धुण्यात आटतं आणि ओलं झाल्यावर अंगाला चिकटतं. दूध गळण्याच्या दिवसांत ते नकोच. पॉलिस्टर आणि जॉर्जेट घाम टिपत नाहीत. बाळ दिवसभर छातीशी असतं, त्यामुळे तुमच्या कपड्याची ऊब त्यालाही लागते.

इस्त्रीला वेळ नसेल, आणि तो नसतोच, तर आधीच सुरकुत्या असलेलं क्रिंकल कॉटन, खादी किंवा बारीक छापाचं कापड घ्या. मशीनमधून काढल्या काढल्या झटकून हँगरवर वाळत घातलं तर निम्मी इस्त्री तिथेच होते.

कापड घेऊन शिवणार असाल तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात गुडघ्याखालचा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता साधारण अडीच मीटरमध्ये बसतो. घेरदार असेल तर तीन लागतील. हातमागाचा पन्हा कधी कमी असतो, तेव्हा दुकानदाराला कशासाठी घेताय ते सांगून मगच फाडायला सांगा. पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग, मुंबईत दादरचं हिंदमाता किंवा मंगळदास मार्केट, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड इथे कापड हाताळून बघता येतं. बाळ लहान असेल तर सकाळी दुकानं उघडताना जा, गर्दी कमी असते. घरी आणल्यावर कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच शिवायला द्या. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते शिवण्याआधी आटलेलं बरं.

पायरी ५ : शिंप्याशी काय बोलायचं

ही पायरी घाईने उरकू नका. शिंप्याकडे माप टाकून ‘नेहमीसारखा शिवा’ म्हटलं की नेहमीसारखाच येतो, आणि तुमचा दिवस आता नेहमीसारखा राहिलेला नाही. जायच्या आधी पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

माया. दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच कापड ठेवायला सांगा. अंग कमी-जास्त होईल तसं उसवून सैल करता येतं किंवा आत टीप मारता येते. या एका सूचनेने कुर्ता दोन वर्षं जास्त चालतो.

सैलपणा. छातीच्या मापापेक्षा तीन ते चार इंच जास्त, सीटला तेवढंच. खांदा मात्र अगदी मापात.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई. हात वर करताना काखेत ओढ बसते म्हणून बऱ्याचजणी ‘मुंढा खाली घ्या’ सांगतात. त्याने उलटंच होतं. मुंढा जितका खाली, तितका हात वर करताना अख्खा कुर्ता वर चढतो. मुंढा काखेजवळच ठेवा आणि बाहीचा घेर दंडाला दीड-दोन इंच वाढवून घ्या. जुन्या पद्धतीच्या बंड्या-झब्ब्यांना काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असे. त्यामुळे हात कसाही फिरवला तरी कापड ताणलं जात नसे. ज्या मास्तरांना तो जोडता येतो त्यांच्याकडून आवर्जून जोडून घ्या.

गळा. वाकल्यावर उघडा पडणार नाही इतका. लहान गोल, बंद गळा किंवा छोटी कॉलर. खोल गळा हवा असेल तर मागे घ्या, पुढे नको.

पाजण्याची सोय. इथे तीन पर्याय आहेत. पहिला, पुढे मधोमध पट्टी आणि बटणं, छातीच्या खालपर्यंत. हा सगळ्यात साधा आहे आणि पाजणं थांबल्यावरही कुर्ता वेगळा दिसत नाही. बटणांऐवजी टिचबटणं लावून वर शोभेची बटणं शिवली तर एका हाताने उघडतं. दुसरा, छातीवरून खाली येणाऱ्या दोन उभ्या शिवणींत लपवलेल्या चेन. दिसत नाहीत, पण चेनच्या टोकाला आतून कापडाची घडी शिवून घ्या, नाहीतर ते बाळाच्या गालाला टोचतं. तिसरा, योकखाली, म्हणजे छातीवर वेगळ्या जोडलेल्या तुकड्याखाली, एकावर एक येणारे दोन पदर. वरचा पदर उचलला की झालं, बटण नाही, चेन नाही. याला कापड जास्त लागतं, पण मला हाच सगळ्यात आवडतो, कारण झोपेतही जमतो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. एवढ्या काळासाठी ही शिलाई कामी येते.

खिसा. उजव्या बाजूच्या शिवणीत, हात सरळ सोडला की जिथे बोटं पडतात तिथे. तोंड सहा इंच, खोली सात इंच. मोबाइल, रुमाल, किल्ली मावते. कुर्त्याचा कट खिशाच्या खालून सुरू व्हावा.

कट आणि लांबी. मांडी घालून बसायचं असतं, म्हणून बाजूचे कट पुरेसे उंच हवेत. लांबी गुडघ्याच्या जरा खाली. त्याहून लांब कुर्ता बाळाला घेऊन जिना उतरताना पायात येतो.

हे सगळं असं सांगता येईल : “मास्तर, खांदा मापात घ्या, बाकी अंगात सैल असू द्या. मुंढा खाली नको, बाहीचा घेरच दोन इंच वाढवा. पुढे पट्टीला टिचबटणं लावा, आणि दोन्हीकडे दीड इंच माया ठेवा.” “ठेवतो ताई, पण आधी एकच शिवून बघू या का?” असं त्यांनी म्हटलं तर तो मास्तर धरून ठेवा. पहिला कुर्ता आठवडाभर वापरा, चुका लिहा, आणि मगच बाकीचे शिवायला टाका.

पायरी ६ : रंग आणि छाप

दूध सांडलेलं, नाचणीच्या सत्त्वाचा हात पुसलेला, वरणाचा शिंतोडा. बारीक छापात हे सगळं दडतं. इंडिगो, अजरख, दाबू, कलमकारी यांचा मोठा फायदा हाच, आणि हे छाप गडद असूनही उदास दिसत नाहीत. ओलावा सगळ्यात जास्त उठून दिसतो तो राखाडी, फिकट निळा, फिकट गुलाबी अशा सपाट रंगांवर. बाहेर जाताना ते टाळा. पांढरा रंग मात्र वाटतो तितका अवघड नाही, ओलं फारसं दिसत नाही आणि डाग आधी गार पाण्यात काढला की उकळत्या पाण्यात धुता येतो.

जोड्या जमवायला वेळ लागू नये म्हणून खालचे कपडे दोन-तीन रंगांतच ठेवा. काळा, गडद निळा आणि विटकरी किंवा मोरपंखी. मग कुठलाही कुर्ता कशावरही जातो आणि अंधारात हाताला येईल ते घातलं तरी चुकत नाही. वर सैल असेल तर खाली निमुळती पँट, आणि खाली घेरदार पलाझो असेल तर वर आखूड, सरळ कुर्ता. दोन्ही सैल असलं की आकारच हरवतो. पलाझो घोट्याच्या वर ठेवा. पावसात चिखल ओढत नाही.

देखणेपणासाठी एका कपड्यावर एकच ठळक गोष्ट पुरते. खणाचा योक, इरकलीच्या काठाची बाही, कॉलरवर थोडं कशिद्याचं काम. खण मूळचा गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला, पण महाराष्ट्राने तो आपलाच मानला. योकला लावताना आत मऊ अस्तर लावा, कारण विणीचा खरखरीतपणा बाळाच्या गालाला लागतो. आरसे, टिकल्या, मणी आणि गोंडे मात्र या दोन वर्षांत रोजच्या कपड्यांवर नकोत. बाळ हाताला लागेल ते ओढतं आणि तोंडात घालतं.

पायरी ७ : साडी सोडायची नाही

साडीत पाजणं कुर्त्यापेक्षा सोपं आहे, पदराचा आडोसा आयता मिळतो. आपल्याकडच्या नेहमीच्या ब्लाउजला हुक पुढेच असतात. मागे बांधायचे, मागे चेन असलेले ब्लाउज शिवले जायला लागले तशी ही सोय गेली. नव्या आईने ब्लाउज पुढच्या हुकांचाच शिवावा, कटोरीत माया ठेवावी, आणि कापड शक्यतो सुती किंवा थोडं ताणलं जाणारं घ्यावं. रोजच्यासाठी मऊ सुती साडी. घरात आजीची धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली साडी असेल तर तीच पहिली काढा. आपल्या आज्या-पणज्यांनी नऊवारीच्या काष्ट्यात लावणी केली, डोक्यावर पाणी वाहिलं आणि मुलंही वाढवली. पाय मोकळे ठेवणारा पोशाख म्हणून नऊवारी आजही विचारात घ्यावी. शिवलेली नऊवारी घेतली तर नेसायचा वेळही वाचतो.

परकराची नाडी मात्र बघा. बारीक नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की तिथे काळा वळ पडतो, त्वचा सोलवटते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं साडी किंवा परकर घट्ट बांधलेल्या दोन वयस्क बायकांच्या कमरेवर न भरणारी जखम आणि तिचा पुढे त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. असं क्वचित होतं, पण टाळणं अगदी सोपं आहे. नेफा रुंद घ्या, नाडीऐवजी दोन इंची मऊ पट्टी किंवा इलॅस्टिक लावा, गाठीची जागा बदलत राहा, आणि घरी आल्यावर परकर सैल करा.

बारशाला पैठणी नेसायची हौस असतेच, नेसाच. तीन गोष्टी आधी करा. ब्लाउज महिनाभर आधीच्या मापाचा नको, त्याच आठवड्यात उसवून घ्या. जरीचा पदर खांद्यावर टाकाल त्या बाजूला बाळ नेहमी टेकत असेल तर मलमलचा रुमाल ठेवा. आणि तिसरी गोष्ट फार महत्त्वाची : साडी डांबर गोळ्यांच्या कपाटातून थेट काढून नेसू नका. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना तर हा धोका मोठा. बाळाची दुपटी, टोपडी, स्वेटर या गोळ्यांजवळ ठेवूच नका. कपाटात वाळवलेला कडुलिंबाचा पाला चालतो.

पायरी ८ : कामावर परत जाताना

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातली पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा बंधनकारक झाली. म्हणजे रजा संपताना बहुतेक बाळं सहा महिन्यांच्या आसपास असतात आणि पाजणं चालूच असतं. रजेच्या शेवटच्या महिन्यात ऑफिसचे तीन कुर्ते शिवून ठेवा, पुढून उघडणारे, छापील, खिशाचे. वर एक सुती जाकीट किंवा बिनबाह्यांचा लांब कोट. कुर्ता ओला झाला तर जाकीट झाकतं, आणि साध्या कुर्त्यालाही ते नेटकेपणा देतं. ऑफिसच्या खणात एक जादा कुर्ता आणि पॅडची पिशवी कायम असू द्या.

दुचाकीवर मागे बसत असाल तर ओढणी दोन्ही टोकांनी कमरेला गाठ मारून बसा. मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे. कोणी दिसायला बरं म्हणून काढून टाकलं असेल तर पुन्हा लावून घ्या. रोजच्या धावपळीत ओढणी नकोच वाटत असेल तर सरळ वगळा. बंद गळ्याच्या कुर्त्याला तिची गरज नाही.

दागिने आणि चपला

कानात खडे किंवा छोट्या बाळ्या, लोंबते डूल नकोत. मंगळसूत्र आखूड. बांगड्या दोन, काचेच्या नकोत. चप्पल मागून पट्टा असलेली, न घसरणाऱ्या तळाची. कोल्हापुरी हवी असेल तर नवी चप्पल बाळाला कडेवर घेऊन वापरू नका. आधी घरात, थोडं तेल लावून, चार-आठ दिवस मऊ करून घ्या. ओल्या फरशीवर ती घसरते, हेही लक्षात ठेवा.

धुणं आणि डाग

दुधाचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाणी लागलं की दुधातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पिवळा राहतो. बाळाच्या शीचा डागही तसाच, आधी गार पाण्याने. मालिशच्या तेलाचा डाग ओला करण्याआधी त्यावर भांड्याचा पातळ साबण चोळा, दहा मिनिटांनी धुवा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात ठेवा, एक-दोन उन्हांत तो उडतो. केळ्याचा डाग थांबला की काळा पडतो, तो मात्र लगेच धुवावा लागतो.

गडद छापील कपडे पहिल्या तीन धुण्यांत वेगळे धुवा, उलटे करून, सावलीत वाळवा. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांना सॉफ्टनर वापरू नका. त्याने सुती कापडाचा टिपण्याचा गुण कमी होतो. ड्रायक्लीन करून आणलेली साडी प्लॅस्टिकमधून काढून दिवसभर वाऱ्यावर टांगा, मगच नेसा.

मूल दूध सोडेल तेव्हा लपवलेल्या चेन उसवून ती शिवण बंद करून घ्या आणि आत ठेवलेली माया लागेल तेवढी आत घ्या. जे कुर्ते तोवर विटले असतील त्यांची पुसणी करा, आणि धड असतील ते ओळखीतल्या पुढच्या बाळंतिणीला धुऊन, इस्त्री करून, लगेच द्या.